सापेक्षता, वही-पेन्सिल घेऊन

सापेक्षतेवरचे बहुतेक लोकप्रिय लेख जुळ्या भावंडांच्या गोष्टीने सुरू होतात. एक अंतराळात जाऊन येतो आणि तरुणच राहतो, घरी राहिलेल्याचे केस पिकतात. वाचणारा चकित होतो आणि विषय तिथेच संपतो. माझं ठाम मत आहे की ही गोष्ट सुरुवातीला सांगूच नये. आधीच्या पायऱ्या स्वतः चढून आलेल्या माणसाला ती चमत्कार वाटत नाही, साधी बेरीज-वजाबाकी वाटते. या विषयाचं पायाभूत गणित शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयापलीकडे जात नाही. वही, तीस सेंटिमीटरची पट्टी, वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि थोडा निवांत वेळ एवढं भांडवल पुरतं. फक्त क्रम मोडू नका आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून बघा.

सुरुवात गॅलिलिओपासून करायची. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'संवाद' या ग्रंथात जहाजाच्या पोटातल्या एका बंद खोलीचं वर्णन आहे. आत फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून पाण्याचे थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज नांगरलेलं असो की संथ पाण्यावर एकसारख्या वेगाने चाललेलं असो, आत कशातच फरक पडत नाही. रात्रीच्या एक्स्प्रेसमध्ये पडदे ओढून बसलात आणि रूळ अगदी गुळगुळीत असले, तर नाणं उडवून किंवा चहा ओतून गाडी चालू आहे की उभी आहे हे सांगता येणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: एकसारख्या वेगाने, सरळ रेषेत जाणाऱ्या बंद डब्यात केलेल्या कुठल्याही प्रयोगातून डब्याचा वेग कळत नाही. 'एकसारख्या' आणि 'सरळ' या शब्दांखाली रेघ मारा. ब्रेक लागला किंवा वळण आलं की लगेच कळतं, आणि जुळ्यांच्या गोष्टीत पुढे नेमकं हेच कामाला येणार आहे.

आता पट्टी हातात घ्या. तिच्या शून्यापासून तीसपर्यंत जायला प्रकाशाला जवळजवळ बरोबर एक नॅनोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हा आकडा पाठ करा, पुढची सगळी गणितं त्यानेच सोपी होतात. प्रकाशाचा नेमका वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते.

घोडं अडतं ते पुढच्या वाक्यापाशी. गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, पण गाडीच्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशाला मिळत नाही. १८६० च्या दशकात मॅक्सवेलने मांडलेल्या समीकरणांतून प्रकाशाचा एकच वेग बाहेर पडत होता, आणि तो कोणाच्या सापेक्ष हे समीकरणं सांगत नव्हती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणून वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात फरक सापडायला हवा, असं समजून मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला तो मोजायचा प्रयत्न केला. अपेक्षित फरक सापडला नाही. १९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने गॅलिलिओचा नियम आणि प्रकाशाचा हा हटवादी वेग, दोन्ही जसेच्या तसे खरे धरले आणि त्यातून काय निघतं ते पाहिलं. तुम्हीही तेच करा. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच का, हे मनाला पटवत बसलात तर पुढचं पान उलटणार नाही. ते गृहीत धरा आणि हिशोब कुठे नेतो ते बघा.

वहीत एक उभी रेघ काढा, चार सेंटिमीटरची. आपलं प्रमाण असं: वहीतला एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले तीस, म्हणजेच प्रकाशाचा एक नॅनोसेकंद. रेघेच्या दोन टोकांना दोन आरसे आहेत, खालचा डब्याच्या जमिनीवर आणि वरचा त्याच्या १२० सेंटिमीटर वर. खालून निघालेला प्रकाशाचा ठिपका वर पोचायला चार नॅनोसेकंद घेतो. हे आपलं घड्याळ, आणि खालून वर जाणं हा त्याचा एक ठोका.

आता डबा प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने उजवीकडे चालला आहे आणि तुम्ही फलाटावर उभे आहात. ठिपका वर जातोय तोवर वरचा आरसा पुढे सरकतो, म्हणून तुमच्या दृष्टीने ठिपका तिरका जातो. उभ्या रेघेच्या पायथ्यापासून उजवीकडे तीन सेंटिमीटर मोजा, तिथून चार सेंटिमीटर वर जा, आणि सुरुवातीच्या बिंदूपासून तिथपर्यंत तिरकी रेघ ओढा. पट्टी लावून मोजा. बरोबर पाच भरेल. प्रकाशाचा वेग तुमच्यासाठीही तोच असल्यामुळे या तिरक्या वाटेला पाच नॅनोसेकंद लागले, आणि पाच नॅनोसेकंदांत ०.६ वेगाने डबा वहीतले तीन सेंटिमीटर पुढे गेला. सगळं जुळतं. आतल्या प्रवाशाचा जो ठोका चार नॅनोसेकंदांचा, तोच तुमच्या मोजणीत पाचांचा.

इथे थांबून दोन शंका फेडून घ्या, कारण बहुतेक पुस्तकं त्या घाईत ओलांडतात. पहिली, उभी उंची दोघांना चारच कशी? समजा धावणाऱ्या डब्याची उंची कमी होत असती. मग फलाटावरच्या माणसाला डबा बोगद्यातून सुखरूप गेलेला दिसला असता, आणि ज्याच्या दृष्टीने बोगदाच धावतोय त्या प्रवाशाला मात्र छत घासलेलं दिसलं असतं. छत घासलं की नाही यावर दोन उत्तरं असू शकत नाहीत. म्हणून वेगाला काटकोनात असलेल्या दिशेची मापं बदलत नाहीत. दुसरी शंका जास्त महत्त्वाची: हे फक्त आरशांच्या घड्याळापुरतं कशावरून? प्रवाशाचं मनगटी घड्याळ संथ झालं नसतं, तर त्याला ते आरशांच्या घड्याळाशी जुळत नाही असं दिसलं असतं आणि डबा चालू आहे हे आत बसल्या बसल्या कळलं असतं. पहिल्या पानावरचा नियम मोडला असता. म्हणून मनगटी घड्याळ, नाडीचे ठोके, विरजणाला लागणारा वेळ, सगळं त्याच प्रमाणात संथ. आणि आतल्याला यातलं काहीही जाणवत नाही.

याचं सूत्र तुमच्या त्रिकोणातच आहे. वेगाला प्रकाशवेगाने भागा, वर्ग करा, तो १ मधून वजा करा, वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. ०.६ साठी १.२५ येतं, ०.८ साठी सुमारे १.६७, ०.९९ साठी ७.०९, ०.९९५ साठी दहाच्या किंचित वर. ०.१ साठी मात्र जेमतेम १.००५. आता ताशी १२० किलोमीटरची गाडी घालून बघा. साधा कॅल्क्युलेटर नुसता १ दाखवेल. अशा लहान वेगांसाठी वर्गाचं निम्मं घेतलं की भागतं. उत्तर इतकं बारीक येतं की ती गाडी न थांबता सुमारे ५० लाख वर्षं धावली, तर घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडेल. आपल्या अनुभवात हे का येत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

पुढची पायरी सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते. माझ्या मते सापेक्षतेचं खरं मर्म तिथेच आहे. २४ मीटर लांबीचा डबा घ्या, आपल्या नव्या एक्स्प्रेस गाड्यांचे डबे साधारण एवढेच असतात. बरोबर मध्यावर दिवा लागतो. प्रवाशाच्या दृष्टीने प्रकाश पुढच्या आणि मागच्या दारावर एकाच क्षणी पोचतो. फलाटावरून मागचं दार प्रकाशाकडे धावत येतं आणि पुढचं त्याच्यापासून पळत असतं. दोन्हीकडच्या प्रकाशाचा वेग सारखाच, म्हणून मागचं दार आधी उजळतं. डब्याचा वेग ०.६ असेल तर मागचं दार २० नॅनोसेकंदांनी उजळतं आणि पुढचं ८० नॅनोसेकंदांनी. यात दोघांपैकी कोणाची चूक नाही. दूरच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या का, याला सगळ्यांना बांधील असं उत्तर नसतं.

हे नीट उतरलं की 'तुझं घड्याळ संथ, माझ्या मते तुझं संथ' हा पेच सुटतो. चालत्या घड्याळाची गती तपासायला फलाटावर दोन ठिकाणी दोन घड्याळं लागतात, आणि ती एकमेकांशी जुळवलेली असावी लागतात. प्रवासी म्हणतो की तुझी दोन घड्याळं मुळात जुळलेलीच नाहीत. त्याच्या बाजूने तो बरोबर असतो. एक सावधगिरीही बाळगा: या सगळ्यात 'दिसणं' म्हणजे डोळ्यांना दिसणं नव्हे. प्रकाश यायला लागलेला वेळ वजा करून जे उरतं ते मोजमाप. ते गडबडलं की सगळाच गोंधळ होतो.

आता जुळ्या बहिणी. रमा पृथ्वीवर राहते. उमा ०.६ वेगाने बर्नार्डच्या ताऱ्याकडे निघते, तो सुमारे ६ प्रकाशवर्षांवर आहे. जायला रमाच्या हिशोबाने १० वर्षं. उमाची वर्षं काढायला सोपी रीत आहे: १० चा वर्ग १००, त्यातून अंतराचा वर्ग ३६ वजा, उरले ६४, वर्गमूळ ८. परतीचीही ८. रमाची २० वर्षं गेली, उमाची १६. वहीतला त्रिकोण पुन्हा बघा, तीन-चार-पाचच आहे, फक्त मापं दुप्पट.

वेळेच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करायची ही रीत हरमान मिंकोव्स्कीने १९०८ साली पुढे आणली, आणि माझ्या दृष्टीने सापेक्षतेचा काळाशी असलेला सगळा संबंध तीत आहे. दोन गाड्या पुण्याहून नाशिकला निघाल्या, एक संगमनेरमार्गे आणि दुसरी मुंबईमार्गे. नाशिकला पोचल्यावर दोन्हींच्या मीटरवर वेगळे किलोमीटर दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. घड्याळही असंच आपल्या स्वतःच्या वाटेची लांबी मोजतं, अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या नकाशावर. फरक एकच: रस्त्याच्या हिशोबात वर्गांची बेरीज असते म्हणून वळसा लांब पडतो, इथे वजाबाकी आहे म्हणून वळसा घेणाऱ्याचा काळ कमी भरतो. उमाने मध्येच दिशा बदलली, रमाने नाही. पहिल्या पानावरच्या रेघ मारलेल्या शब्दांची अट उमाने मोडली, म्हणून दोघींची बाजू सारखी नाही. 'सगळं सापेक्ष असतं' हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवणाऱ्यांना ही वजाबाकी दाखवावी. तिचं उत्तर प्रत्येक निरीक्षकाला तेच मिळतं.

हे नुसतं कागदावरचं नाही, याचा पुरावा या क्षणी तुमच्या हातातून जातोय. तळहात आडवा धरा. साधारण दर सेकंदाला म्युऑन नावाचा एक कण त्यातून आरपार जातो. वैश्विक किरण वातावरणात वर, साधारण १५ किलोमीटर उंचीवर आदळतात तेव्हा हे कण तयार होतात. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. मग ते जमिनीपर्यंत येतात कसे? मुंबईचे होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते. अशा कणांचं विघटन म्हणजे एक घड्याळच आहे आणि वेगामुळे ते संथ झालेलं दिसलं पाहिजे, हे त्यांनी १९३८ साली 'नेचर'मधल्या टिपणात दाखवून दिलं. रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत केलेलं तसं मोजमाप १९४१ साली प्रसिद्ध झालं.

१९६३ साली प्रसिद्ध झालेला फ्रिश आणि स्मिथ यांचा प्रयोग तर वहीत उतरवून घ्यावा इतका स्वच्छ आहे. माउंट वॉशिंग्टन या सुमारे १,९१० मीटर उंच डोंगरावर त्यांना ठरावीक वेगाचे तासाला सुमारे ५६० म्युऑन सापडले. एवढं अंतर उतरायला जवळजवळ साडेसहा मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे काळ सगळ्यांचा एकच असता तर समुद्रसपाटीला जेमतेम तीस शिल्लक राहायला हवे होते. सापडले सुमारे ४१०. म्युऑनचं घड्याळ जवळपास नऊपट संथ चालत होतं. म्युऑनच्या बाजूने विचाराल तर त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांचंच आहे. त्याच्यासाठी डोंगरच आकसून दोन-सव्वादोनशे मीटरचा होतो. वेगाच्या दिशेतल्या लांबीचं आकुंचन ते हेच, त्याला वेगळी पायरी लागत नाही.

इथवर वेगाचं झालं. गुरुत्वाकर्षणाचा भाग आइन्स्टाइनला १९०७ साली सुचला आणि व्यापक सापेक्षता सिद्धांत म्हणून १९१५ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. पूर्ण गणित कठीण आहे, पण काळापुरता भाग आपल्या आवाक्यातला आहे. रॉकेट सतत वेग वाढवत चाललं आहे. त्याच्या तळावरच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक प्रकाशाची चमक छताकडे जाते. ती वर पोचेतो छताचा वेग वाढलेला असतो, म्हणून चमका छतावर जरा लांबलेल्या अंतराने येतात. छतावरचा म्हणतो, खालचं घड्याळ संथ आहे. बंद खोलीत गुरुत्वाकर्षण आणि वाढता वेग यांतला फरक कळत नाही, हे आइन्स्टाइनचं सूत्र, म्हणून जमिनीवर उभ्या इमारतीतही हेच घडलं पाहिजे. वर जायला लागणारा वेळ म्हणजे उंची भागिले प्रकाशवेग. तेवढ्यात वाढलेला वेग म्हणजे त्याला ९.८ ने गुणायचं. तो वेग पुन्हा प्रकाशवेगाने भागला की घड्याळातल्या फरकाचं प्रमाण मिळतं.

कळसूबाईची १,६४६ मीटर उंची घालून बघा. शिखरावरचं घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरच्यापेक्षा दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद पुढे जातं. पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली हार्वर्डमधल्या साडेबावीस मीटरच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजला. २०१० साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत अणुघड्याळ ३३ सेंटिमीटर उचलल्यावरचा फरकही पकडता आला. म्हणजे आपल्या पट्टीएवढ्या उंचीचा!

दोन्ही परिणाम एकत्र बघायचे तर ऑक्टोबर १९७१ चा हाफेले आणि कीटिंग यांचा प्रयोग घ्या. चार सीझियम घड्याळं त्यांनी नेहमीच्या प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. हा फरक का, हे उत्तर न वाचता शोधून बघा. किल्ली अशी: जमिनीवरचं घड्याळही स्थिर नाही, पृथ्वी त्याला पूर्वेकडे नेतेच आहे.

आता खिशातला मोबाइल. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. लहान वेगाची रीत वापरा, वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं असं येईल. गुरुत्वाकर्षणासाठी मघाची सोपी रीत एवढ्या उंचीला चालत नाही, कारण ९.८ हा आकडा वर कमी होत जातो. तिथे पृथ्वीसाठी ४.४३ मिलिमीटर ही लांबी लक्षात ठेवा. गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांच्या गुणाकाराला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की ती मिळते. तिला पृथ्वीच्या त्रिज्येने भागा, मग उपग्रहाच्या पृथ्वीकेंद्रापासूनच्या अंतराने भागा, दोन्हींची वजाबाकी करा. दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे. निव्वळ ३८ पुढे. १९७७ साली एनटीएस-२ या उपग्रहावर दुरुस्ती बंद ठेवून तपासलं तेव्हा जवळजवळ एवढाच फरक निघाला. म्हणून ही घड्याळं जमिनीवरच मुद्दाम किंचित संथ लावून वर पाठवतात: १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३.

ही दुरुस्ती नसती तर नकाशा दिवसाला ११ किलोमीटर चुकला असता, असं सर्रास लिहिलं जातं. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश तेवढं जातो हे खरं, पण सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली तर ती चूक मोबाइल आपल्या घड्याळाची चूक समजून बरीचशी वजा करतो. वेळेचा हिशोब मात्र बिघडतो, आणि त्या वेळेवर दूरसंचार यंत्रणा आणि वीजजाळी अवलंबून असतात. जागेच्या हिशोबात जास्त बोचणारी गोष्ट वेगळी आहे. उपग्रहाची कक्षा पूर्ण गोल नसते. तो जवळ येतो तेव्हा वेग वाढतो, लांब जातो तेव्हा कमी होतो, आणि त्याचं घड्याळ दर फेरीत काही नॅनोसेकंद पुढे-मागे डुलतं. प्रत्येक उपग्रहाचं डुलणं वेगळं, म्हणून ते आपोआप वजा होत नाही. कक्षा थोडी जास्त लांबट असेल तर दहा-पंधरा मीटरची चूक होऊ शकते. ही दुरुस्ती तुमच्या मोबाइलमधली चिप स्वतः करते, प्रत्येक उपग्रहासाठी वेगळी.

इस्रोच्या 'नाविक' या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रह त्याहून वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे. त्याचा दिवसाचा फरक वरच्याच रीतीने काढा. गुरुत्वाचा भाग वाढलेला आणि वेगाचा कमी झालेला दिसला पाहिजे. उलट ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकात वेगाचा भाग जिंकतो आणि घड्याळ मागे पडतं. म्हणजे मध्ये कुठेतरी अशी उंची असणार जिथे दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात आणि उपग्रहाचं घड्याळ जमिनीवरच्याच गतीने चालतं. ती शोधायला एकच गोष्ट आणखी लागते: गोल कक्षेत वेगामुळे होणारं नुकसान म्हणजे ४.४३ मिलिमीटर भागिले केंद्रापासूनच्या अंतराची दुप्पट. दोन्ही बाजू समान मांडल्या की ४.४३ सुद्धा छेद जातो. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं सोडून दिलं, तर केंद्रापासूनचं अंतर त्रिज्येच्या दीडपट येतं, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३,१८५ किलोमीटर. वेगळं उत्तर आलं तर वजाबाकीची चिन्हं तपासा, चूक बहुधा तिथेच असते.